ह्यांना थंडी लागू नये म्हणून

९ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या साठ रजिस्टरांचं काम होतं. त्यातल्या एका गठ्ठ्यावर रेघा तिरक्या छापल्या गेल्या, म्हणून तेवढे कागद परत न जाता माझ्याकडेच राहिले. टाकवेनात. शिवले, पुठ्ठा चढवला, पाठीला उरलेलं हिरवं कापड लावलं. पस्तीस वर्षं लोकांच्या वह्या बांधतेय, स्वतःच्या वहीत लिहायची ही पहिलीच वेळ. ओळी उतारावरून निघाल्यासारख्या दिसताहेत. दिसू देत.

लिहायला बसले कारण ह्यांच्याबद्दल बोलायला कोणी नाही. लेकीला फोनवर सांगावं तर ती मलाच चार गोष्टी शिकवते.

महिन्यापूर्वी खोकला फार झाला म्हणून हे डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी चपला घालत होते, तर म्हणाले, तू कशाला, तुझी खळ सुकून जाईल. आले ते तोंडात मारायचा पंप घेऊन. काय म्हणाल्या विचारलं, तर म्हणाले, "भुसा. एकतीस वर्षांचा भुसा बसलाय छातीत." ह्यांचा जन्म लाकडाच्या कारखान्यात दारं-खिडक्या करण्यात गेला. भुसा बसणारच. मी कारखान्याच्या मालकाला मनात चार शिव्या घातल्या आणि भात लावला.

पण तेव्हापासून हे बदललेत. बोलतात गोड, पण घरात ठरत नाहीत. सारखी खिडकी उघडतात. मी लावते, हे उघडतात.

१५ नोव्हेंबर

आज पहाटे अंगणातल्या बादलीत बर्फाचा पापुद्रा. शेगडी पेटवली.

आमची शेगडी म्हणजे कमरेएवढी लोखंडी पेटी. पुढे दार, मागून काळी नळी भिंतीतून बाहेर गेलेली. लेक झाली त्या वर्षी ह्यांनी लोहाराकडे उभं राहून करून घेतली. सगळं घर तिच्या भोवती बसलंय. माझी शिवणाची चौकट तिच्या डाव्या अंगाला, खळ लावलेल्या वह्या उजव्या अंगाला वाळत. ती नसेल तर थंडीत माझी एक वही वाळायची नाही, बुरशी धरेल.

जळणाचा आम्हाला कधी प्रश्न पडला नाही. कारखान्यातून तुकडे येतात. जुन्या चौकटी, प्लायवूडच्या पट्ट्या, ढलप्या. रंग लावलेले तुकडे छान भडकतात, एकदम ऊब येते. मी ते कडक थंडीसाठी बाजूला ठेवते.

हे उठायच्या आत खोली तापवून ठेवली. हे आले, खुर्ची उचलली, दाराशी नेऊन बसले. मी चहा द्यायला गेले तेव्हा खुर्चीसकट परत आत ओढलं. दुपारी बघते तर पुन्हा दाराशी. दिवसभर आमचं हेच. शेवटी मीच हसले. हेही हसले, पण हसता हसता खोकला आला आणि पाठ चोळेपर्यंत थांबला नाही.

२१ नोव्हेंबर

गल्लीच्या खांबावर एक पांढरा डबा बसवलाय. हवा मोजतो म्हणे. बसवायला आलेली मुलगी पंचविशीची असेल, शिडीवर खारीसारखी चढली. गल्लीने तिचं नाव लगेच हवावाली ठेवलं.

समोरच्या घरातली नवी आई बाळाला कडेवर घेऊन बघत होती. बाळ चार-साडेचार महिन्यांचं. श्वास घेताना त्याच्या छातीतून बारीक शीळ वाजते. मी तिला म्हटलं, ह्याला गार लागतंय, खोली तापव नीट, फटींना कापड लाव. तिचा नवरा परगावी कामाला असतो, पोर एकटीच सगळं करते. मान डोलावली.

हवावालीने मग गल्लीतल्या बायकांना समजावलं. आपलं गाव डोंगरांच्या वाटीत आहे. वारा पडला की गार हवा तळाशी बसते, वर झाकण बसल्यासारखं होतं, मग घराघरातून निघालेला धूर वर जातच नाही, आपल्याच गल्लीत फिरत राहतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे कण असतात, ते दार-खिडकीच्या फटीतून परत आत येतात. मी म्हटलं, बाई, तुझा डबा कारखान्याच्या दाराशी लाव, मग बघ. ती म्हणाली तिथेही लावलाय. तिथे आकडा आपल्या गल्लीच्या निम्मा आहे.

आकड्यांचं काय. माझ्या नळीतून धूर बाहेर जातो हे मला डोळ्यांनी दिसतं.

जाताना तिने सगळ्यांना एक कागद दिला. माझा ह्यांनी माझ्या हातातून घेतला, घडी घातली, म्हणाले मी वाचून सांगतो. सांगितलं काही नाही.

२९ नोव्हेंबर

हे आता रोज सकाळी नऊला वाचनालयात जातात. जन्मात ज्यांनी मोजपट्टीवरचे आकडे सोडून काही वाचलं नाही ते. दुपारी जेवायला येतात, अर्धी पोळी खातात, परत जातात. संध्याकाळी दिवे लागल्यावर येतात.

काय वाचता, विचारलं. म्हणाले, पेपर. सात तास पेपर?

ह्या वयात संशय शोभत नाही. पण लिहून ठेवते. मला वाटतं, मी ह्यांना नकोशी झालेय.

४ डिसेंबर

आज मागावर गेले. शाळेच्या वह्या द्यायच्या निमित्ताने निघाले आणि वाचनालयाच्या काचेतून पाहिलं.

तिथे भिंतीतून गरम पाण्याचे नळ फिरवलेत. स्वच्छ, पांढरी खोली, कोणी बोलत नाही. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत झोपले होते. पेपर मांडीवर उलटा. तोंड किंचित उघडं, आणि छाती कशी वरखाली होत होती, सावकाश, एकसारखी. लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे असे झोपायचे. घरी तर आता तीन उशा घेऊन बसल्यासारखे असतात, दर तासाला उठतात.

मी काचेशी उभी राहून ह्यांना झोपलेलं बघत राहिले. माझ्या घरात, मी तापवलेल्या खोलीत, माझ्या हातच्या गोधडीत ज्यांना झोप येत नाही, त्यांना परक्यांच्या लाकडी खुर्चीत येते. उठवलं नाही. घरी आले आणि चार वह्यांना पुठ्ठे उलटे चढवले.

१० डिसेंबर

वॉर्ड ऑफिसची नोटीस लागली. वारा पडलेल्या दिवसांत घरात लाकूड जाळायला बंदी घालायची की नाही, यावर सोळा तारखेला सभा. ज्यांच्याकडे दुसरी सोय नाही त्यांना विजेचा हीटर देणार म्हणतात. देणार! वॉर्डवाल्यांचं देणं मला माहीत आहे. दिव्याचा खांब सरळ करायला त्यांना तीन वर्षं लागली.

बायका माझ्याकडे जमल्या. म्हणाल्या, तुम्ही बोला, तुम्हाला बोलता येतं, आणि तुमच्या घरात आजारी माणूस आहे, तुमचं ऐकतील. समोरचीही आली होती, बाळाला शालीत गुंडाळून.

मी हो म्हटलं. हे दाराशी बसून ऐकत होते. बायका गेल्यावर म्हणाले, "बोलायलाच हवं का?"

मी म्हटलं, तुमच्यासाठीच बोलतेय.

ह्यांनी खुर्ची आणखी दाराबाहेर सरकवली.

१६ डिसेंबर

जिंकलो.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. आधी हवावाली बोलली, पडद्यावर रेघा दाखवल्या. संध्याकाळी सहानंतर रेघ ताडासारखी वर जाते. कोणी फार लक्ष दिलं नाही. मग मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि जे चाळीस वर्षांत चारचौघांत बोलले नव्हते ते बाहेर आलं.

मी म्हटलं, "माझं पहिलं बाळ ह्याच गावात गेलं. पाच महिन्यांचं होतं. तेव्हा आमच्याकडे शेगडी नव्हती. त्याला थंडीने नेलं. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या घरात परत कोणी गारठणार नाही. आज माझा नवरा आजारी आहे. त्याची शेगडी विझवायला ज्यांना यायचंय त्यांनी खुशाल यावं, मी दारात बसलेली असेन."

मग टाळ्या. हात वर करायला सांगितलं तेव्हा बंदीच्या बाजूने अकरा हात होते. हवावाली तिच्या तारा गुंडाळत होती. तिच्याकडे बघून जरा वाईट वाटलं. पोर मनापासून बोलली होती.

ह्यांना शोधलं. मागच्या रांगेत होते ते मध्येच उठून बाहेर गेले होते. पायरीवर बसलेले सापडले. डोळे लाल. बाळाचं नाव घेतलं की ह्यांना सोसत नाही, म्हणूनच आम्ही घेत नाही. घरी येताना ह्यांनी माझा हात धरला. रस्त्यात, लोकांसमोर. म्हणाले, "छान बोललीस गं." दर विजेच्या खांबाशी थांबत थांबत आलो.

मला वाटलं, सगळं परत ठीक होईल.

२४ डिसेंबर

हे मागच्या पडवीत झोपायला गेले. पडवीला भिंती आहेत पण ऊब नाही, तिथे मी पुठ्ठे ठेवते. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांमध्ये खाट टाकली, दार ओढून घेतलं.

मी भांडले. बेचाळीस वर्षांत अशी भांडले नव्हते. म्हटलं, माझ्याजवळ झोपणं एवढं जड झालंय का? हे म्हणाले, तसं नाही गं. मग कसं? तर पांघरूण झटकायला लागले. मी म्हटलं, वाचनालयात बरी झोप लागते तुम्हाला. तेव्हा ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोरी पकडली गेली. पण कसली चोरी ते मला कळेना.

रडून झाल्यावर उठले. रागावलं तरी माणूस आपलंच आहे. शेगडीत रंगाच्या चौकटींचे चार मोठे तुकडे घातले आणि पडवीचं दार उघडून खाली पाट सरकवला, म्हणजे ऊब तिकडे पोचत राहील. हे झोपले होते, कळलं नाही.

३ जानेवारी

लेकीचा फोन. मला दोन वाक्यं बोलली आणि बाबांना दे म्हणाली. हे फोन घेऊन अंगणात गेले. गारठ्यात वीस मिनिटं. आत आले तेव्हा ओठ निळसर.

लेक म्हणते विजेचा हीटर घेऊन येते. मी म्हटलं, तुझ्या बापाने करून घेतलेली शेगडी अजून शाबूत आहे. ती म्हणाली, "आई, एक महिना तरी वापर. माझ्यासाठी." आवाज कसातरीच होता. बापलेकीचं काहीतरी ठरलंय आणि मी त्यात नाही.

८ जानेवारी

पाच दिवस पान हललेलं नाही. समोरचं घर धूसर दिसतं. दुपारी बारा वाजता दिवा लावून शिवतेय. कपड्यांना, केसांना, खळीलाही धुराचा वास. सगळ्या गल्लीच्या नळ्यांतून धूर निघतो आणि छपरांवरच लोळतो.

हे वाचनालयापर्यंत जाऊ शकत नाहीत आता. आत, माझ्याजवळ आहेत. देवाने ऐकलं असं पहिल्यांदा मनात आलं, आणि लाज वाटली.

समोरच्या बाळाला दोनदा दवाखान्यात नेलं.

१० जानेवारी

हॉस्पिटल. श्वास लागला. बाकी नंतर.

१४ जानेवारी

बरे आहेत. नाकाला ऑक्सिजनची नळी आहे पण गालांवर रंग आलाय. माझ्या हातून पूर्ण वाटी पेज खाल्ली. पलंगाशेजारी नर्सची नोंदवही होती, माझीच बांधलेली. ह्यांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि नर्सला सांगितलं, "ही आमच्याकडची." वही की मी, ते नर्सला कळलं नाही. मला कळलं.

मग म्हणाले, घरी एकटीच आहेस, शेगडी पेटवू नकोस. एकटीसाठी कशाला. मी म्हटलं, जळण काय कमी आहे? उद्या तुम्ही येणार, घर तापलेलं नको? ह्यांनी डोळे मिटले. थकतात लवकर.

डॉक्टरीणबाईंनी जाताना मला विचारलं, "घरात धूर नाही ना आता?" मी म्हटलं, छे, नळी बाहेर काढलीय, घरात धुराचा कण नाही. त्या म्हणाल्या, मग हरकत नाही, उद्या न्या.

१५ जानेवारी

घरी आणलं. घर भट्टीसारखं तापवून ठेवलं होतं. पडवीतली खाट आत आणून शेगडीजवळ लावली. हे दारात क्षणभर थांबले. मला वाटलं, पायरी चढताना दम लागला. मग माझ्याकडे बघून हसले आणि आत आले.

दिवसभर बोलत होतो. लग्नानंतरची पहिली खोली, लोहाराची बायको, लेकीचा पहिला दात. मी खिडक्या घट्ट लावून घेतल्या. एकदाही उघडा म्हणाले नाहीत. लेक परवा येतेय हीटर घेऊन, ये म्हटलं तिला. एवढ्या आनंदात तिला नाही कशाला म्हणू.

१८ जानेवारी

काल पहाटे गेले.

लेक पोचली तेव्हा मी ह्यांचे पाय चोळत होते. गार पडले होते म्हणून.

२५ जानेवारी

लिहायला हवं, नाहीतर हात दुसरं काहीतरी करतील.

काल सकाळी भेटायला माणसं येणार म्हणून मी शेगडी पेटवायला बसले. लेक स्वयंपाकघरातून आली, माझ्या हातातलं लाकूड काढून घेतलं. मी दुसरं घेतलं. तिने तेही घेतलं. मग ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, बाबांना भुशाने नाही नेलं."

ती हळूहळू सांगत गेली. ऑक्टोबरमध्येच डॉक्टरीणबाईंनी ह्यांना सांगितलं होतं. भुशाने फुप्फुसं अधू झालीच होती, पण आता धूर जीव घेईल. घरातली शेगडी बंद करा, वारा पडला की गावाबाहेर जा. ह्यांनी त्यांना सांगितलं, केली बंद. लेकीला खरं सांगितलं आणि तिच्याकडून वचन घेतलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? मी काय शेगडीला जास्त जपलं असतं?

लेक रडायला लागली. म्हणाली, "मी रोज भांडायचे त्यांच्याशी. ते म्हणायचे, तिला हे सांगितलं तर ती इथे थांबणार नाही. मागे मागे जाईल, थेट दादापर्यंत."

दादा म्हणजे आमचं पहिलं. लेकीने त्याला पाहिलेलं नाही, तरी दादाच म्हणते.

मग मला सगळं दिसू लागलं. वाचनालय. पडवीचं दार. मी सरकवलेला पाट.

२६ जानेवारी

गेले. मागे गेले. ह्यांना माहीत होतं मी जाणार.

पहिली खोली दहा बाय आठ. खिडकी एकच. त्या थंडीत मी खिडकीला गोणपाट ठोकलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, माझ्या हातांनी, एकेक. मधोमध घमेल्यात लाकडं पेटवायची. पाळणा घमेल्याच्या शेजारी, सगळ्यांत उबेच्या जागी. डोळे चुरचुरायचे, बाळ खोकायचं. खोकलं की मी आणखी एक लाकूड घालायचे.

हे तेव्हा म्हणाले होते, जरा खिडकी उघडूया का? मी म्हटलं, गारठून मारायचंय का त्याला?

दोन थंड्यांत दोघांच्या बाबतीत मी तेच केलं.

२ फेब्रुवारी

रजिस्टरं पोचवायला हॉस्पिटलात गेले. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दिली. मला वाटलं होतं रागावतील, मी खोटं सांगितलं म्हणून. त्या म्हणाल्या, मी नीट विचारायला हवं होतं.

मी त्यांना घमेल्याचं सांगितलं आणि विचारलं, आमचं बाळ धुराने गेलं का?

त्या म्हणाल्या, धुराने छाती बिघडते, लहान बाळांची जास्तच. पण त्याला काय झालं होतं ते आज कोणी सांगू शकणार नाही. साधा ताप छातीत उतरूनही बाळं जात होती तेव्हा.

हो म्हणाल्या असत्या तर मी ते उरावर घेऊन जगले असते. नाही म्हणाल्या असत्या तर देवळात गेले असते. "सांगता येत नाही" हे घेऊन माणसाने कुठे जायचं?

६ फेब्रुवारी

वॉर्ड ऑफिसात गेले. सभेचे अध्यक्ष उठून उभे राहिले, ह्यांच्याबद्दल दुःख व्यक्त केलं. मी म्हटलं, ती सभा परत घ्या, मी चुकीचं बोलले. ते म्हणाले, बाई, तुम्ही दुःखात आहात. ठराव झालाय, आता पुढच्या हिवाळ्याशिवाय काही होत नाही. आणि तुमचं भाषण तर आम्ही इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलंय. दाखवलं. माझंच वाक्य, सुबक टाइप केलेलं, दारात बसलेली असेन. वही माझ्याच हातची शिवलेली.

खांबाशी हवावाली भेटली. माफी मागितली. तिने माझा हात हातात घेतला आणि सोडेचना. तिचे हात माझ्यापेक्षा गार होते.

मग गल्लीत दारोदार गेले. कोणी चहा विचारला, कोणी मान हलवली. एकीने चांगलंच सुनावलं, की नवरा गेला म्हणून आता सगळ्यांनी कुडकुडायचं का. खरं आहे. मीही तेच म्हटलं असतं.

समोरचीने दार अर्धंच उघडलं. आतून कोंडलेली, धुरकट ऊब अंगावर आली. बाळ खोकत होतं. फटींना कापडं लावलेली, मी शिकवल्यासारखी नीट. ती म्हणाली, "काकू, तुम्हीच तर सभेत सांगितलंत. तुमच्या बाळाला थंडीने नेलं. मी माझ्याला कसं गारठू देऊ?"

परत आले.

९ फेब्रुवारी

पंधरा दिवस झाले, शेगडी पेटवलेली नाही. लेक जाताना ठेवून गेलेला हीटर एका कोपऱ्यापुरता तापतो. खळ वाळत नाही, वह्या ओल्या पडून आहेत. शाळेला उशीर होईल असं कळवलं.

आज पुन्हा वारा पडलाय. समोरून खोकल्याचा आवाज येतो. मी मोजायला लागले आणि मग मोजणं थांबवलं.

१० फेब्रुवारी

सकाळी हीटर उचलला आणि रस्ता ओलांडला. वजनदार आहे, दोनदा खाली ठेवावा लागला. समोरचीने दार उघडलं. मी म्हटलं, दार पूर्ण उघड, मला आत यायचंय.

तिच्या पाळण्याशी हीटर लावला. पाळण्याला हात लावून ऊब पोचते का ते दोघींनी बघितलं. मग मी तिच्या शेगडीतली लाकडं चिमट्याने बाहेर काढली, अंगणात नेऊन माती टाकली. तिने अडवलं नाही. खिडकी उघडली तेव्हा मात्र तिने माझं मनगट धरलं.

मी तिला सगळं सांगितलं. गोणपाट, चिंध्या, घमेलं, हे खिडकी उघडूया म्हणाले होते ते. सभेत अर्धंच सांगितलं होतं, कारण उरलेलं तेव्हा मलाच माहीत नव्हतं. आणि हेही सांगितलं, की डॉक्टरीणबाई म्हणतात नक्की काही सांगता येत नाही. तिला खोटं सांगायचं नव्हतं, ना थंडीच्या बाजूने, ना धुराच्या.

तिने मनगट सोडलं. आम्ही खिडकी तशीच ठेवली, धूर निघून जाईपर्यंत. मग लावली.

ती म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्हाला गारठा नाही वाजणार?" मी म्हटलं, वाजेल. ती म्हणाली, मग वह्या इकडे आणा वाळवायला, आणि तुम्हीही इकडेच बसा. मी अजून हो म्हटलेलं नाही.

दुपारी बाळ झोपलं. छातीतली शीळ गेलेली नाही, एका दिवसात जाणारही नाही. मी पाळण्याची दोरी धरून बसले होते. समोरची कपडे घडी करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तुमच्या बाळाचं नाव काय होतं?"

चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. माहीत असलेली दोनच माणसं होती, आणि गेल्या महिन्यापासून एकच उरलं होतं.

मी सांगितलं. तिने एकदा हळूच म्हणून पाहिलं, बरोबर म्हटलं का म्हणून माझ्याकडे बघितलं. बरोबर म्हटलं होतं.